पोटरचनांचे सलग लेखन आणि त्याच्या सुसंगतीची चाचणी : पासोडी, सातबारा व स्क्रिप्टिंग भाषांच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना :

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांची पासोडी जतन करून ठेवलेली आहे. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा या कापडावर दासोपंतांनी पंचीकरण हा वेदान्तविषय ओव्या, तक्ते व आकृत्या यांच्या साहाय्याने मांडला. पंचीकरणाचा विषय मूलतः विभागातील विभागाचा आहे. पाच महाभूते, प्रत्येकाचे दोन अर्ध, त्यांपैकी एक अर्ध स्वतःपाशी राहतो, दुसऱ्या अर्धाचे चार भाग होतात व ते उरलेल्या चार भूतांकडे जातात. अशी मांडणी पोथीच्या अरुंद पानावर सलग ओळीत लिहिणे कष्टाचे असते. कापड लांब-रुंद असल्यामुळे एका चौकटीच्या पोटात दुसरी चौकट काढता येते व वाचणाऱ्याची नजर आडवी-उभी फिरू शकते.

संगणकाच्या फाईलला ही सोय नाही. फाईल म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चिन्हांची एकच लांब ओळ होय. स्मृतीत चौकटीतील चौकटी असलेली रचना त्या एका ओळीत उतरवून काढणे यास संगणकशास्त्रात सीरियलायझेशन असे म्हणतात. प्रस्तुत निबंधात त्यासाठी 'सलग लेखन' हा शब्द योजला आहे. आणि ज्या रचनेच्या पोटात दुसरी रचना असते तिला, पोटहिस्सा व पोटखराबा या आपल्या महसुली शब्दांच्या धर्तीवर, 'पोटरचना' म्हटले आहे. एकच पोटरचना दोनदा लिहिली असता दोन्ही लेखने सारखी येतात काय, व ती तशी येतात हे तपासावे कसे, हा या निबंधाचा विषय आहे. प्रश्न वरवर तांत्रिक आहे. परंतु मराठवाड्यातील जमिनीच्या नोंदी गेल्या पाऊणशे वर्षांत कागदावरून कागदावर व कागदावरून संगणकावर ज्या प्रकारे उतरवल्या गेल्या, त्यांचा अभ्यास करणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नाही.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. या विषयाकडे तो वळला तो एका चुकीमुळे. एम. फिल.च्या अभ्यासासाठी २०१६ साली एका गावाच्या जुन्या जमीननोंदींची सूची करण्याकरिता पायथन भाषेत एक लहानसा कार्यक्रम लिहिला होता. त्याने तयार केलेल्या दोन फाईली, एक सकाळची व एक दुपारची, ओळीस ओळ लावून पाहिल्या तेव्हा जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळी निघाली. नोंदींत कोणताही बदल केलेला नव्हता. फरक केवळ क्रमाचा होता, हे समजण्यास दोन दिवस गेले. त्या शेकडो खोट्या फरकांच्या गर्दीत एक खरा फरक दडला होता व तो त्या वेळी नजरेतून सुटला, ही बाब अधिक गंभीर. त्याविषयी पुढे येईल.

सातबारा : एक पोटरचना :

मराठवाड्यातील जमीननोंदींची परंपरा उर्वरित महाराष्ट्राहून निराळी आहे. मुंबई इलाख्यात १८७९ च्या जमीन महसूल संहितेनंतर १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धत रुजली. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील दप्तर मुख्यतः उर्दूत, कालगणना फसली सनाची. अधिकार अभिलेखासंबंधीचा हैदराबादचा विनियमही १३५८ फसलीचा. फसली सनात सुमारे ५९० मिळवले म्हणजे इसवी सन येतो. १७ सप्टेंबर १९४८ नंतर, विशेषतः १९५४-५५ च्या सुमारास, खासरा पत्रके तयार झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ व १९७१ चे अधिकार अभिलेख नियम यांनी आज परिचित असलेले गाव नमुने सर्वत्र सारखे केले. म्हणजे एकाच शेताची नोंद तीन पद्धतींत, दोन-तीन लिप्यांत व दोन कालगणनांत लिहिली गेली. प्रत्येक संक्रमण हे एक सलग लेखन होते. जुने वाचायचे व नव्या नमुन्यात उतरवायचे.

गाव नमुना सात व गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्याची रचना मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. जिल्ह्याच्या पोटात तालुका, तालुक्याच्या पोटात गाव, गावात गट क्रमांक, गटात हिस्सा. हिश्शात एक वा अनेक भोगवटादार, प्रत्येकाचे खाते, क्षेत्र, आकार, ज्या फेरफाराने नाव आले त्याचा क्रमांक. शिवाय इतर अधिकारांत बोजे, विहिरीतील हिस्से, वहिवाटीचे रस्ते. बाराच्या भागात वर्ष, वर्षाच्या पोटात हंगाम, हंगामाच्या पोटात पीक व त्याचे क्षेत्र. संगणकातील कोणत्याही पोटरचनेस साजेल अशी ही खोली आहे.

परंतु हे केवळ एकातून एक फुटणाऱ्या फांद्यांचे झाड नाही. गाव नमुना ८-अ हा याच माहितीकडे उलट बाजूने पाहतो : एका खात्याखाली त्या खातेदाराचे गावातील सारे गट. सातबाऱ्यात गटाच्या पोटात खातेदार, आठ-अमध्ये खातेदाराच्या पोटात गट. दोन्हीकडील माणूस तोच आणि जमीन तीच. म्हणून एका ठिकाणी दुरुस्ती झाली व दुसऱ्या ठिकाणी राहिली, तर दोन्ही कागद आपापल्या जागी निर्दोष दिसूनही परस्परांस खोटे पाडतात. पीककर्जासाठी बँक दोन्ही उतारे मागते, तेव्हा ही विसंगती उघड होते आणि तिचे प्रायश्चित्त शेतकऱ्यास घ्यावे लागते.

पर्लचा अनुभव :

स्क्रिप्टिंग भाषांमध्ये या प्रश्नाचा इतिहास पर्ल भाषेच्या आधारे सर्वांत स्पष्टपणे सांगता येतो. लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल प्रसिद्ध केली. पहिल्या आवृत्तीबरोबरच तिच्या चाचण्यांची स्वतंत्र निर्देशिका होती, ही गोष्ट त्या काळी सार्वत्रिक नव्हती. ऑक्टोबर १९९४ मध्ये पाचवी आवृत्ती आली व तिच्यासोबत संदर्भ, म्हणजे रेफरन्स, आले. तोपर्यंत पर्लमध्ये सूची होती आणि हॅश होता, पण सूचीच्या पोटात हॅश व त्याच्या पोटात पुन्हा सूची ठेवण्याची सरळ सोय नव्हती. संदर्भांनी ती दिली. पोटरचना आल्याबरोबर त्या कागदावर कशा उतरवाव्यात हा प्रश्न आला. गुरुसामी सारथी यांचे डेटा-डम्पर हे मॉड्यूल त्याचे उत्तर होते व १९९८ च्या ५.००५ या आवृत्तीपासून ते भाषेचाच भाग झाले. रचना दिली की ते तिचे पर्ल भाषेतच लेखन करून देते; ते लेखन पुन्हा चालवले की रचना परत उभी राहते. राफाएल मानफ्रेदी यांचे स्टोरेबल हे मॉड्यूल माणसाला न वाचता येणाऱ्या पण वेगवान द्विमान स्वरूपात तेच काम करते.

येथे हॅशविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. हॅश म्हणजे किल्ली व तिच्यापुढील मूल्य अशा जोड्यांचा संग्रह. किल्लीवरून एक गणिती आकडा काढून त्या आकड्याच्या कप्प्यात जोडी टाकली जाते, त्यामुळे शोध जलद होतो. मात्र जोड्यांना स्वतःचा असा क्रम उरत नाही. बाहेर काढताना त्या ज्या क्रमाने येतात तो कप्प्यांचा क्रम असतो. पर्लच्या दस्तऐवजात हा क्रम गृहीत धरू नये असे प्रारंभापासून सांगितले होते. प्रत्यक्षात त्याच संगणकावर, त्याच आवृत्तीत, तो बहुधा तोच येई. सूचना कागदावर राहिली आणि सवय हातात मुरली. चाचण्या लिहिणाऱ्यांनी अपेक्षित लेखन अक्षरशः उतरवून ठेवले व कार्यक्रमाचे लेखन त्याच्याशी अक्षरशः ताडले. चाचण्या उत्तीर्ण होत होत्या. त्या काय तपासत होत्या हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो विचारण्याची वेळ अनपेक्षित दिशेने आली. ऑगस्ट २००३ मध्ये राइस विद्यापीठातील स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलॅक यांनी युझनिक्सच्या सुरक्षा परिषदेत एक निबंध सादर केला. एकाच कप्प्यात पडतील अशा किल्ल्या मुद्दाम निवडून पाठवल्या तर हॅशचा वेग पार कोसळतो व त्यायोगे एखादा सर्व्हर ठप्प करता येतो, असे त्यांनी दाखवले. पर्लचा हॅश हे त्यांच्या उदाहरणांपैकी एक होते. उपाय स्पष्ट होता. आकडा काढण्याच्या रीतीत यादृच्छिक बीज मिसळावे, म्हणजे कोणती किल्ली कोणत्या कप्प्यात जाईल हे बाहेरच्यास कळणार नाही. सप्टेंबर २००३ मध्ये आलेल्या पर्ल ५.८.१ मध्ये हा बदल झाला, नोव्हेंबरमधील ५.८.२ मध्ये तो बराच सौम्य करण्यात आला, आणि मे २०१३ च्या ५.१८ मध्ये तो पूर्ण स्वरूपात परतला : कार्यक्रम प्रत्येक वेळी चालवताना हॅशचा क्रम वेगळा. या आवृत्तीच्या सुमारास अनेक मॉड्यूलांच्या चाचण्या कोसळल्या. मॉड्यूल बिघडले नव्हते. चाचणी आजवर योगायोगावर उभी होती.

या घटनेचे महत्त्व इतिहासाच्या अभ्यासकास विशेष जाणवावे. साधनांत सातत्याने आढळणारी एखादी गोष्ट नियम म्हणून आहे की सवय म्हणून, हे ती सवय मोडेपर्यंत समजत नाही. फेरफार नोंदवहीतील वारसांची नावे बहुधा वयाच्या क्रमाने लिहिलेली आढळतात. त्यावरून पहिले नाव ज्येष्ठाचे असे अनुमान कित्येक स्थानिक इतिहासांत केले जाते. तसा नियम कोठे होता?

पायथनचा प्रवास निराळा झाला. २०११ च्या डिसेंबरात हाच हल्ला वेबच्या संदर्भात पुन्हा चर्चेत आला, तेव्हा सप्टेंबर २०१२ च्या ३.३ आवृत्तीत यादृच्छिक बीज मूलतःच चालू ठेवण्यात आले. प्रस्तुत लेखकाच्या सकाळ-दुपारच्या दोन फाईली वेगळ्या येण्याचे कारण हेच. पुढे २०१६ च्या अखेरीस आलेल्या ३.६ मध्ये रचना बदलली आणि जून २०१८ च्या ३.७ पासून ज्या क्रमाने जोड्या घातल्या त्याच क्रमाने त्या बाहेर येतील अशी हमी भाषेनेच दिली. रुबी भाषेने असा क्रम १.९ पासून पाळला व पीएचपीच्या ॲरेत तो आधीपासूनच होता. प्रश्न सुटला असे वरकरणी वाटते. तो सुटला नाही, केवळ सरकला. घालण्याचा क्रम हा रचनेचा गुण नसून ती भरणाऱ्या माणसाचा इतिहास आहे. दोन तलाठ्यांनी त्याच गटाची माहिती भरली, एकाने आधी क्षेत्र व मग आकार, दुसऱ्याने उलट, तर दोन्ही रचना समान असूनही त्यांची लेखने वेगळी येणार.

समानता, परतफेड आणि सुसंगती :

अध्यापनात या तीन चाचण्यांची गल्लत नेहमी होते, म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट आहे. पहिली चाचणी परतफेडीची : रचना लिहिली, लेखन वाचले, मूळ रचना परत मिळाली काय? दुसरी चाचणी लेखनाच्या स्थैर्याची : वाचून परत मिळालेली रचना पुन्हा लिहिली तर पहिले लेखनच येते काय? तिसरी चाचणी खऱ्या अर्थाने सुसंगतीची : समान असलेल्या दोन रचना, त्या कोणत्याही मार्गाने तयार झालेल्या असोत, वेगवेगळ्या वेळी व वेगवेगळ्या यंत्रांवर लिहिल्या तरी लेखन अक्षरशः एकच येते काय? पहिली चाचणी उत्तीर्ण होऊनही तिसरी सपशेल अनुत्तीर्ण होऊ शकते, व बहुसंख्य चाचणीसंच पहिलीवरच थांबतात. पर्लच्या टेस्ट-मोअर या मॉड्यूलमधील इज-डीपली हे साधन दोन पोटरचना आतपर्यंत उतरून ताडते व क्रमाकडे दुर्लक्ष करते. रचनांची समानता पाहण्यासाठी ते योग्यच. लेखनाची सुसंगती त्यातून कळत नाही. त्यासाठी तीच रचना किल्ल्या उलटसुलट घालून अनेकदा उभारावी लागते, प्रत्येक वेळी कार्यक्रम नव्याने सुरू करून लिहावी लागते आणि आलेली लेखने अक्षरास अक्षर ताडावी लागतात. एकाच धावेत दोनदा लिहून पाहणे पुरेसे नाही, कारण बीज तेच असते.

तिसरी चाचणी उत्तीर्ण व्हायची तर क्रम नियमाने ठरवावा लागतो. डेटा-डम्परमध्ये किल्ल्या क्रमाने लावण्याची सोय आहे, स्टोरेबलमध्ये 'कॅनॉनिकल' असा पर्याय आहे, पायथनच्या जेसन मॉड्यूलमध्येही किल्ल्या वर्गवारीने लिहिण्याचा पर्याय आहे. हे सारे पर्याय आहेत, मूळ वर्तन नव्हे. याउलट ब्रॅम कोहेन यांच्या बिटटोरेंटमधील लेखनपद्धतीत किल्ल्या क्रमानेच असल्या पाहिजेत असे बंधन आहे. कारण तेथे लेखनावरून काढलेला ठसा हीच फाईलची ओळख असते. लेखन बदलले की ओळख बदलली. डिजिटल स्वाक्षरीचेही तसेच. एक्सएमएलसाठी प्रमाण लेखनाची शिफारस २००१ साली झाली. जेसन या लोकप्रिय स्वरूपाचे पहिले अधिकृत वर्णन २००६ चे व सध्याचे २०१७ चे. दोहोंत जोड्यांचा संग्रह अनुक्रमरहित मानला आहे. त्याच्या प्रमाण लेखनाची पद्धत २०२० साली आरएफसी ८७८५ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली.

नियमाने ठरवलेला क्रम माणसाला सोयीचा असेलच असे नाही. अक्षरांच्या सांकेतांकानुसार क्रम लावला तर गट १, मग १०, मग १००, मग २ असे येते. मराठी वर्णमालेत ळ हे अक्षर ह च्या नंतर आपण शिकतो. युनिकोडच्या तक्त्यात ते ल आणि व यांच्या मध्ये बसते. तलाठ्यास हा क्रम विचित्र वाटेल व ते स्वाभाविक आहे. परंतु प्रमाण क्रमाचा हेतू सर्वांनी एकच लिहावे एवढाच असतो. वाचकासाठी वेगळा क्रम लावून दाखवता येतो.

एकच वस्तू दोन जागी :

सातबारा व आठ-अ यांच्या संबंधात जी अडचण वर दिसली तीच स्क्रिप्टिंग भाषांत सामायिक संदर्भाच्या रूपाने येते. एकच हॅश दोन सूचींच्या पोटात असू शकतो. लेखन करताना तो दोनदा उतरवायचा की एकदा उतरवून दुसऱ्या जागी खूण करायची? डेटा-डम्पर दुसऱ्या जागी पहिल्या जागेचा मार्ग लिहितो. २००१ मध्ये आकारास येऊ लागलेल्या यॅमलमध्ये त्यासाठी नांगर व टोपणनाव अशी चिन्हे आहेत. लिस्पच्या परंपरेतही अशी खूण फार पूर्वीपासून आहे. जेसनमध्ये मात्र अशी सोयच नाही. तेथे वस्तू दोनदा लिहिली जाते आणि परत वाचली की दोन स्वतंत्र वस्तू होतात. लिहिण्यापूर्वी एका जागी केलेला बदल दोन्हीकडे दिसत होता, वाचल्यानंतर दिसेनासा होतो. मूल्ये तंतोतंत जुळतात, म्हणून इज-डीपलीही तक्रार करत नाही. नाते तेवढे तुटते.

कागदी दप्तरात नेमके हेच होत असे. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर अंमल दिला, आठ-अवर द्यावयाचा राहिला. यात कोणाचा हेतू वाईट असावा लागत नाही. एकच वस्तू दोनदा लिहून ठेवण्याच्या पद्धतीचा तो परिणाम असतो.

आकडा, अक्षर आणि गुंठा :

पर्लमध्ये एकाच मूल्याला आकड्याचे व अक्षरांचे अशी दोन रूपे असू शकतात. एखादा आकडा केवळ छापून पाहिला, तरी काही जेसन लेखक मॉड्यूल त्यानंतर तो अवतरणचिन्हांत, म्हणजे अक्षररूपाने लिहू लागत. पाहिल्याने वस्तू बदलावी असा हा प्रकार. पायथनमध्ये आकडा हीच किल्ली असेल तर जेसनमध्ये ती अक्षररूप होते व परत वाचताना अक्षररूपच राहते, म्हणजे येथे पहिली, परतफेडीची चाचणीच फसते.

मराठवाड्याच्या जुन्या नोंदींत हा भेद जमिनीच्या मापाशी भिडतो. एकर व गुंठे यांचे लेखन २.१० असे आढळते. अर्थ दोन एकर दहा गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर असल्यामुळे हा दशांश अपूर्णांक नाहीच. यंत्राने तो आकडा समजून वाचला की शेवटचे शून्य गळते व २.१ लिहिले जाते. पुढचा वाचक त्याचा अर्थ दोन एकर एक गुंठा असा करतो. नऊ गुंठे गेले. हिस्सा क्रमांकाचे असेच : स्प्रेडशीटमध्ये १२/१० टाइप केले की बहुधा त्याची तारीख होते.

लेखकाच्या सूचीतील सुटलेली चूक याच जातीची होती. हिस्सा १२/१ व हिस्सा १२/१० यांमधील तिरपी रेघ फाईलच्या नावात चालत नाही म्हणून तिच्या जागी टिंब दिले होते. पुढे वाचताना दोन्ही १२.१ झाले, एका हॅशमध्ये एकच किल्ली दोनदा आली आणि दुसऱ्या नोंदीने पहिलीस झाकले. एक हिस्सा सूचीतून नाहीसा झाला. दोन फाईलींतील शेकडो निरर्थक फरक नसते तर तो पहिल्याच दिवशी दिसला असता. लेखनाच्या सुसंगतीचा आग्रह टापटिपीसाठी धरावयाचा नसून खरा फरक दिसावा यासाठी धरावयाचा आहे, हे त्या अनुभवातून कळले. सुदैवाने तो केवळ अभ्यासाचा कागद होता. कोणाच्या जमिनीचा उतारा त्यावर अवलंबून नव्हता.

देवनागरीची अडचण :

संगणकीकरणाच्या आरंभीच्या काळात मराठी मजकूर फॉन्टच्या सांकेतांकांत लिहिला जाई. इस्की हे भारतीय प्रमाण १९९१ चे. तरी श्रीलिपी, कृतिदेव आदींत लिहिलेल्या फाईली दीर्घकाळ चालू राहिल्या व फॉन्ट बदलला की मजकूर निरर्थक होई. युनिकोडने ही अवस्था संपवली, परंतु एक सूक्ष्म अडचण ठेवली. डोळ्यांना एकच दिसणारे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले. तोपर्यंत ते अ ला चंद्र जोडून लिहिले जाई व आजही अनेक जण तसेच लिहितात. दोन्ही रूपांना युनिकोडचे सामान्यीकरण एक मानत नाही. 'कुऱ्हाड' या शब्दातील आडवा र सुद्धा दोन वेगळ्या मार्गांनी टंकित होतो. म्हणून क्रम प्रमाण केला, आकडे सांभाळले, तरी एकाच खातेदाराचे नाव यंत्राच्या लेखी दोन माणसांचे ठरू शकते. स्क्रिप्टिंग भाषांच्या चाचणीसंचांत इंग्रजीच उदाहरणे असतात, त्यामुळे ही चूक तेथे पकडली जात नाही. मराठी मजकुरासाठी चाचण्या मराठी माणसालाच लिहाव्या लागतील.

गावांच्या नावांचेही तसेच आहे. निजामी दप्तरातील मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई. शिरूर हे तालुक्याचे नाव बीड, पुणे व लातूर या तिन्ही जिल्ह्यांत, कासार किंवा अनंतपाळ अशा पुरवणीसह वा पुरवणीविना आढळते. नावाला किल्ली मानणारी रचना येथे अडखळते. २०२० साली सातबाऱ्याच्या नमुन्यात सुधारणा झाली व गावाच्या नावासोबत स्थानिक शासन निर्देशिकेतील सांकेतांक छापला जाऊ लागला, तो यावरील उपाय होय. जुन्या नोंदींना असा सांकेतांक नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त मराठवाड्यातील निजामकालीन अभिलेख कुणबी नोंदींसाठी धुंडाळण्यात आले, तेव्हा उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची गरज सर्वांनाच जाणवली. लेखन टिकले तरी ते वाचणारा टिकला नाही तर परतफेडीची चाचणी घेणार कोण?

चावडी वाचन :

जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला, त्यानंतर राज्यात ई-फेरफार प्रणाली व २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. स्वाक्षरी लेखनावर होते, आणि चुकीच्या लेखनावरही ती तितकीच पक्की होते. म्हणूनच तिच्या आधी हस्तलिखित व संगणकीय सातबारा एकमेकांशी तंतोतंत जुळवण्याचे प्रचंड काम महसूल यंत्रणेला करावे लागले. त्याचाच भाग म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकातील नोंद गावासमोर मोठ्याने वाचायची, ज्याचे नाव वा क्षेत्र चुकले असेल त्याने हरकत घ्यायची.

चाचणी म्हणून या पद्धतीकडे पाहिले तर तिचे बळ लक्षात येते. येथे कागद कागदाशी ताडला जात नाही. कागद ज्याविषयी आहे त्या माणसाशी ताडला जातो. क्रम बदलला तरी बिघडत नाही, कारण ऐकणारा केवळ आपल्या नावाची वाट पाहत असतो. 'ॲ' कसा टंकित केला याने उच्चारात फरक पडत नाही. दोन एकर दहा गुंठ्यांचे दोन एकर एक गुंठा झाले तर ते कानाला तत्काळ खटकते. कोणत्याही इज-डीपलीपेक्षा ही तपासणी खोल जाते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

मात्र ती हजर असलेल्यांचीच तपासणी करते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या टोळ्या साधारणतः दिवाळीच्या आगेमागे निघतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या दृष्टीने उन्हाळ्याची निवड सोयीची होती. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींचे तसे नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना सहदायाद म्हणून महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये अधिकार दिला, तेव्हापासून वारस नोंदीत त्यांची नावे यावयास हवीत. माहेरच्या चावडीवर ज्या दिवशी सातबारा वाचला गेला त्या दिवशी त्या सासरी होत्या. आपले नाव वाचले गेले की गाळले गेले, हे त्यांना कोणी कळवले असेल तरच त्यांची हरकत नोंदली गेली.